विश्लेषण : कर्करोगाचे उपचार सुरू असताना डॉक्टर बदलता येतो का? बदलताना काय जपावे?

कर्करोगाचे निदान झाले की पहिले काही दिवस धावपळीत जातात. जिथे ओळख आहे, जिथे लवकर तारीख मिळाली किंवा जे रुग्णालय घराजवळ आहे तिथे उपचार सुरू होतात. दोन-तीन केमो झाल्यावर मात्र प्रश्न पडू लागतात. नातेवाईक म्हणतात, ‘एकदा मुंबईला दाखवून या.’ पैसे संपत आलेले असतात, किंवा डॉक्टर नीट बोलत नाहीत अशी खंत असते. अशा वेळी डॉक्टर बदलणे हा रुग्णाचा हक्क आहे. पण कर्करोगात हा बदल कधी आणि कसा केला, यावर उपचारांचे यश काही प्रमाणात अवलंबून असते.

दुसरे मत घेणे आणि डॉक्टर बदलणे यात फरक काय?

अनेक कुटुंबे या दोन गोष्टींची गल्लत करतात. दुसरे मत घेताना उपचार आहेत तिथेच सुरू राहतात. फक्त अहवाल दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवून निदान बरोबर आहे का, ठरवलेली उपचारांची दिशा योग्य आहे का, हे विचारले जाते. बऱ्याचदा दुसरा तज्ज्ञ ‘आहे तेच उपचार चालू ठेवा’ असेच सांगतो आणि रुग्ण निर्धास्त होऊन परत येतो.

डॉक्टर बदलणे म्हणजे उपचारांची जबाबदारीच दुसऱ्याकडे सोपवणे. त्यातही प्रकार आहेत. एकाच रुग्णालयातील दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाणे तुलनेने सोपे असते, कारण फाइल, तपासण्या आणि यंत्रे तीच राहतात. रुग्णालय किंवा शहर बदलले तर मात्र या सगळ्याची नव्याने जुळवाजुळव करावी लागते. त्यामुळे आधी दुसरे मत आणि गरज वाटली तरच बदल, हा क्रम सुरक्षित ठरतो.

दुसरे मत मिळवण्यासाठी मुंबई गाठावीच लागते का?

दर वेळी नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करते आहे आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तिथे येतात. मात्र २०१२ मध्ये ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ हे कर्करोग रुग्णालयांचे देशव्यापी जाळे उभे राहिले. देशभर सारख्या दर्जाचे उपचार मिळावेत यासाठी या जाळ्याने उपचारांची मार्गदर्शक सूत्रे तयार केली आहेत. अहवाल ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचे मत घेण्याची सोयही टाटा मेमोरियल आणि या जाळ्याच्या माध्यमातून उपलब्ध आहे.

आपल्या रुग्णालयात ‘ट्यूमर बोर्ड’ आहे का, हेही विचारावे. शल्यचिकित्सक, केमो देणारे तज्ज्ञ, रेडिएशनतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून एका रुग्णाचा निर्णय घेण्याची ही पद्धत आहे. अशा बैठकीत प्रकरण ठेवले गेले असेल तर चार-पाच तज्ज्ञांचे मत एकाच वेळी मिळते.

रुग्ण डॉक्टर का बदलतात? सगळी कारणे सारखीच महत्त्वाची असतात का?

काही कारणे ठोस असतात. रुग्णालयात आवश्यक सोयच नसते, उदाहरणार्थ रेडिएशनचे यंत्र. खर्च झेपत नाही. डॉक्टरची बदली होते किंवा तो रुग्णालय सोडतो. दर तीन आठवड्यांनी दोनशे-तीनशे किलोमीटरचा प्रवास रुग्णाला सहन होत नाही. आजाराचा टप्पा कोणता, उपचारांचा हेतू काय, हे वारंवार विचारूनही सांगितले जात नाही. बायोप्सीचा अहवाल न पाहताच केमो सुचवली जाते. अशा वेळी दुसरा दरवाजा ठोठावणे योग्यच आहे.

काही कारणे मात्र तपासून पाहावी लागतात. केस गळले, तोंड आले, रक्तातील पेशी कमी झाल्या म्हणजे डॉक्टर चुकला असे नाही. हे केमोचे अपेक्षित परिणाम आहेत. उपचार सुरू असताना आजार वाढला तर कुटुंब हादरते, पण तोही दर वेळी डॉक्टरचा दोष नसतो. काही कर्करोग दिलेल्या औषधांना दाद देत नाहीत आणि औषध बदलावे लागते. या टप्प्यावर दुसरे मत जरूर घ्यावे. पण नव्या डॉक्टरकडे गेल्यावर आधीच्या डॉक्टरने ‘वाया घालवलेला वेळ’ शोधत बसण्यापेक्षा पुढे काय करता येईल, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

उपचारांच्या कोणत्या टप्प्यावर बदल सोपा आणि कोणत्या टप्प्यावर अवघड?

सर्वात सोयीची वेळ म्हणजे पहिला उपचार सुरू होण्यापूर्वीची. बायोप्सी आणि स्कॅन झालेले आहेत, शस्त्रक्रिया किंवा केमो अजून सुरू झालेली नाही, या टप्प्यावर दुसरे मत घेतले तर नुकसान जवळजवळ नसते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत पहिली संधी सर्वात महत्त्वाची असते. गाठ अर्धवट काढली गेली तर पुढचे गणित अवघड होते. म्हणून शस्त्रक्रियेआधीची शंका शस्त्रक्रियेनंतर विचारण्यात अर्थ नाही.

त्यानंतरची बरी वेळ म्हणजे दोन उपचारांच्या मधली. शस्त्रक्रिया झाली आहे आणि केमो किंवा रेडिएशन सुरू व्हायचे आहे, तेव्हा बदल करता येतो. पण घड्याळ चालूच असते. तोंड-घशाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन द्यायचे असेल तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे, अशी अपेक्षा असते.

केमोच्या मध्येही डॉक्टर बदलता येतो. केमोची आवर्तने बहुधा एक, दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने असतात. एक आवर्तन झाल्यावर लगेच हालचाल सुरू केली तर पुढची तारीख न चुकवता नव्या ठिकाणी नाव नोंदवता येते. इथे आधी दिलेल्या औषधांचा हिशेब कळीचा ठरतो. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे आयुष्यभरात त्याची एकूण मात्रा किती असावी, याला मर्यादा आहे. ती साधारणपणे शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ४५० ते ५५० मिलिग्रॅम मानली जाते. सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंड आणि श्रवणशक्तीवर, तर ब्लिओमायसिनमुळे फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो. ‘लाल रंगाचे सलाइन चार वेळा दिले’ एवढ्या माहितीवर नवा डॉक्टर पुढचा डोस ठरवू शकत नाही.

रेडिएशनच्या मध्येच रुग्णालय बदलू नका, असे डॉक्टर का सांगतात?

कारण रेडिएशनचे नियोजन एका विशिष्ट यंत्राशी बांधलेले असते. सुरुवातीला रुग्णाला ठरावीक स्थितीत झोपवून नियोजनासाठी सीटी स्कॅन केला जातो. डोके-मानेच्या कर्करोगात चेहऱ्याचा साचा बनवतात. किरण कोणत्या कोनातून, किती मात्रेत द्यायचे याचे गणित भौतिकतज्ज्ञ त्या यंत्रानुसार मांडतात. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे उपचार चालतात. केंद्र बदलले की स्कॅन, साचा, नियोजन सगळे पहिल्यापासून करावे लागते आणि त्यात बरेच दिवस जातात.

हे दिवस फुकट जात नाहीत, त्यांची किंमत मोजावी लागते. रेडिएशनने काही पेशी मरतात, उरलेल्या पेशी खंड पडताच वेगाने वाढू लागतात. डोके-मानेच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हे विशेष दिसून आले आहे. उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे संपूर्ण रेडिएशन आठ आठवड्यांत संपवावे, असा दंडक आहे.

शिवाय दिलेले रेडिएशन परत घेता येत नाही. मज्जारज्जूसारखे अवयव ठरावीक मात्राच सोसू शकतात. आधी किती ‘ग्रे’ दिले, कोणत्या भागाला दिले, याची पक्की नोंद नसेल तर नवा रेडिएशनतज्ज्ञ पुढे पाऊल टाकायला कचरतो. म्हणून रेडिएशन सुरू होण्यापूर्वीच केंद्र नक्की करावे आणि सुरू झाल्यावर, अगदी नाइलाज नसेल तर, तिथेच पूर्ण करावे.

थोडा उशीर झाला तर इतके काय बिघडते?

एका आठवड्यात दुसरे मत घेऊन आल्याने बहुतेक गाठींच्या बाबतीत फारसे बिघडत नाही. ‘ताबडतोब भरती व्हा, उद्याच केमो’ असा दबाव प्रत्येक रुग्णावर टाकण्याचे कारण नसते. काही अपवाद आहेत. तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग, मणक्यावर दाब आल्याने पायांतील शक्ती जाणे, श्वासनलिकेवर दाब, न थांबणारा रक्तस्राव अशा स्थितीत तास-दिवस महत्त्वाचे असतात. तिथे आधी उपचार आणि मग मतांतर.

मात्र आठवड्यांचे महिने झाले तर धोका वाढतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सात प्रकारच्या कर्करोगांवरील ३४ अभ्यास एकत्र तपासले गेले. शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या विलंबामागे मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा अर्थ शंभरातले सहा-आठ रुग्ण जास्त दगावतात असा नाही, तर मुळात जो धोका आहे त्यात एवढी भर पडते. पण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे आणि मधे महिनाभर काढ्यांवर, असा प्रवास झाला तर ही भर लहान राहत नाही.

नव्या डॉक्टरकडे जाताना काय न्यायचे?

केवळ डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या पुरत नाहीत. पुढील गोष्टी एका फाइलमध्ये तारखेनुसार लावाव्यात.

• बायोप्सी आणि शस्त्रक्रियेनंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल, आयएचसी किंवा जनुकीय तपासणी झाली असेल तर तिचे अहवाल.

• स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक. मोठी रुग्णालये बहुधा स्लाइड आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेतात. ब्लॉक सही करून घ्यावेत, त्यावरील क्रमांक अहवालाशी जुळतो का ते पाहावे. ब्लॉक मेणात असल्याने उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत.

• सीटी, एमआरआय, पेट स्कॅनचा अहवाल आणि त्याची सीडी. फिल्मवरून किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून बारकावे कळत नाहीत.

• शस्त्रक्रियेची नोंद : काय काढले, काय ठेवले, काही राहिले का.

• केमोचा तक्ता : औषधाचे नाव, मात्रा, प्रत्येक आवर्तनाची तारीख, कोणत्या वेळी मात्रा कमी केली, कोणता त्रास झाला.

• रेडिएशनचा सारांश : एकूण मात्रा, किती सत्रे, कोणता भाग, सुरुवात आणि शेवट.

• अलीकडचे रक्त तपासणी अहवाल, हृदयाची इको तपासणी, मधुमेह-रक्तदाबासह सुरू असलेली सर्व औषधे आणि ॲलर्जीची नोंद.

मूळ कागद कुटुंबाकडेच ठेवून प्रती द्याव्यात. सगळ्याचे स्कॅन मोबाइलमध्ये ठेवले की ऐन वेळी शोधाशोध होत नाही. १४ अंकी ‘आभा’ क्रमांक असेल तर या सुविधेशी जोडलेल्या रुग्णालयांतील नोंदी त्यावरही जमा होऊ शकतात, पण त्या भरवशावर कागदाची फाइल सोडू नये.

रुग्णालयाने कागदपत्रे देण्यास नकार दिला तर?

कागदपत्रे देणे हा रुग्णालयाने केलेला उपकार नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाबाबतच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम जाहीर केले, पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देऊन २००२ चेच नियम पुन्हा लागू केले. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मधील निकालात रुग्णाला त्याच्या उपचारांची कागदपत्रे नाकारता येणार नाहीत, असे स्पष्ट केले आहे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत नोंदी मिळण्याचा, दुसरे मत घेण्याचा आणि बिलाच्या वादावरून अडवून न ठेवले जाण्याचा हक्क नमूद आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मधील सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद समाविष्ट करण्यात आली.

व्यवहारात आधी साधा लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही. तरीही दाद मिळाली नाही तर रुग्णालयाची नोंदणी करणाऱ्या यंत्रणेकडे (शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग), डॉक्टरांबाबत महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे किंवा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र तक्रारीत वेळ जातो. त्यामुळे ती सुरू ठेवून उपचार वेगळे पुढे न्यावेत.

आधीच्या डॉक्टरांना सांगायचे कसे?

इथेच अनेक कुटुंबे अडखळतात. ‘डॉक्टरांना राग येईल’ या भीतीने न सांगताच निघून जातात, मग कागदपत्रे अर्धवट राहतात आणि अडचण आली तर परतीचा रस्ता बंद झाल्यासारखा वाटतो. वास्तविक कर्करोगतज्ज्ञांना दुसरे मत नवीन नसते. त्यांच्याकडेही इतर डॉक्टरांचे रुग्ण त्यासाठीच येत असतात.

आरोप न करता थेट बोलावे. ‘डॉक्टर, आम्हाला एकदा मुंबईला दाखवून यायचे आहे. तुम्ही सारांशाची चिठ्ठी दिलीत तर बरे होईल. पुढच्या केमोची तारीख चुकवायची नाही, तर त्याआधी परत येतो,’ एवढे पुरते. घराजवळच्या केंद्रात जायचे असेल तर प्रवासाचे किंवा पैशांचे खरे कारण सांगावे. कधी कधी त्यातून स्वस्त पर्याय, धर्मादाय निधी किंवा योजनेची माहिती तिथेच मिळते आणि बदलाची गरजच राहत नाही. डॉक्टर समजावून सांगत नाहीत हीच तक्रार असेल तर प्रश्न लिहून नेऊन, एका जबाबदार नातेवाइकासह वेगळी वेळ मागून पाहावी.

दुसऱ्या बाजूने, डॉक्टरलाही रुग्णाला पुरेशी पूर्वसूचना न देता वाऱ्यावर सोडता येत नाही. आचरणाच्या नियमांत तसे बंधन आहे.

सरकारी योजना आणि विम्याचे काय होते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित अंमलबजावणीत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण उपचारांची पूर्वमंजुरी संबंधित रुग्णालयाच्या नावाने घेतली जाते. रुग्णालय बदलले की नवे रुग्णालय योजनेत आहे का, कर्करोगाच्या त्या उपचारासाठी आहे का आणि मर्यादेतली किती रक्कम शिल्लक आहे, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आधी कळून घ्यावे. नवी मंजुरी मिळण्याआधी जुनी जागा सोडली तर मधली केमो पदरच्या पैशांनी करावी लागू शकते.

खासगी विम्यातही कॅशलेस मंजुरी रुग्णालयागणिक वेगळी असते. दुसऱ्या मतासाठीची तपासणी फी अनेक पॉलिसींत मिळत नाही. दाखल रुग्णाला हलवायचे असेल तर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ असा शेरा पडण्यापेक्षा रीतसर दुसऱ्या रुग्णालयात पाठवल्याची नोंद करून घ्यावी. अशा शेऱ्यावरून दाव्याच्या वेळी प्रश्न उपस्थित होऊ शकतात. रेल्वे प्रवासातील सवलतीसाठीचे प्रमाणपत्रही उपचार जिथे आहेत त्या ठिकाणानुसार लागते, त्यामुळे तेही नव्या रुग्णालयाकडून घ्यावे लागते.

पूर्ण बदल न करता मधला मार्ग आहे का?

आहे आणि महाराष्ट्रातील अनेक रुग्ण तो वापरतात. उपचारांचा आराखडा मोठ्या केंद्रात ठरतो, केमो गावाजवळच्या रुग्णालयात दिली जाते आणि दोन-तीन आवर्तनांनंतर स्कॅन दाखवण्यासाठी पुन्हा मोठ्या केंद्रात जावे लागते. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी, कोल्हापूर अशा ठिकाणी कर्करोगाची रुग्णालये असल्याने प्रत्येक केमोसाठी मुंबईत भाड्याने राहावेच लागते असे नाही. मात्र अशा वाटणीत अंतिम निर्णय कोणाचा, औषधाची मात्रा कोण बदलणार, हे दोन्ही डॉक्टरांकडून लेखी स्पष्ट करून घ्यावे. ‘ते बघतील’ असे दोघांनीही गृहीत धरले की रुग्ण मधे अडकतो.

बदलाच्या मधल्या काळात त्रास झाला तर?

हा काळ सर्वात नाजूक. जुन्या डॉक्टरांना सोडलेले असते आणि नव्यांची तारीख आठ दिवसांनी असते. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वात कमी होतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर ती आणीबाणी समजावी. घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाऊन ‘केमो सुरू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. असे झाल्यास कुठे जायचे, हे बदल करण्याआधीच ठरवून ठेवावे.

टॅमॉक्सिफेन किंवा इमॅटिनिबसारख्या रोजच्या गोळ्या ‘नव्या डॉक्टरांना विचारून मग घेऊ’ म्हणून परस्पर बंद करू नयेत. हातातून घातलेली केमोची नळी आठवड्याला आणि छातीतील पोर्ट साधारण महिन्याला धुवावा लागतो. ते काम कोण करणार, हेही नक्की करावे.

डॉक्टर बदलण्याच्या नावाखाली उपचारच सुटले तर?

खरा धोका इथे आहे. केमोचा त्रास, पैशांची चणचण आणि कोणीतरी दिलेला ‘दुष्परिणाम नसलेल्या’ औषधाचा पत्ता, यातून काही रुग्ण मुख्य उपचार सोडतात. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नावाने निघणाऱ्या नियतकालिकात २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बरे होण्याजोग्या टप्प्यावर असताना केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत अडीच पट आढळला. महिन्या-दोन महिन्यांनी गाठ वाढल्यावर रुग्ण परततो, तेव्हा आधी शक्य असलेली शस्त्रक्रिया अनेकदा शक्य राहत नाही.

नव्या जागी पहिल्या भेटीत चार प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. आजाराचा टप्पा कोणता? उपचार बरे करण्यासाठी आहेत की आजार काबूत ठेवून त्रास कमी करण्यासाठी? आधीच्या आराखड्यात काय बदलणार आणि का? पुढचा उपचार कोणत्या तारखेला? चौथ्या प्रश्नाचे उत्तर हातात आल्याशिवाय जुन्या रुग्णालयातील तारीख रद्द करू नये.